पिवळं पाणी

आत्यानं माझ्याशी अबोला कधीच धरला नव्हता, हे आधी सांगते, कारण घरात अजूनही सगळे म्हणतात की पोरगी आत्याला चारचौघात बोलली आणि आत्यानं बोलणं तोडलं. तसं झालं असतं तर एक दिवस जाऊन मी तिच्या पाया पडले असते आणि विषय मिटला असता. पण ती बोलायची. कधी आलीस, जेवलीस का, केस कामून एवढे पातळ झाले, सगळं विचारायची आणि निघताना पिशवीत शेंगा कोंबायची. फक्त सांगायची काही नाही. गुडघे दुखायलेत, पोराला सोयरीक आलीय, बांधावरून दिरासोबत भांडण झालंय, कोणत्या देवाला काय बोललीय, यातलं एक अक्षर मला तिच्या तोंडून कळायचं नाही, सगळं आईकडून फिरून यायचं. आणि हे पंधरा-सोळा वर्षं चाललं.

1999 चा उन्हाळा होता. त्याच 1 मेला आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला होता. मी औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच) बीएस्सीचं दुसरं वर्ष संपवून गावी आले होते आणि आत्याच्या धाकट्याला, दहा वर्षांच्या पोराला, कावीळ झाली. शेजारच्या गावात एक म्हातारे गृहस्थ कावीळ उतरवायचे. रविवारी आणि बुधवारी त्यांच्या अंगणात तीस-चाळीस माणसं बसलेली असायची. रोग्याच्या हाताला आधी कसलंसं औषधाचं पाणी चोळायचे, वाळू द्यायचे, मग थाळीत चुन्याच्या निवळीनं हात धुवायला लावायचे आणि ओठातल्या ओठात मंत्र म्हणायचे. निवळी बघता बघता पिवळी व्हायची. उतरली कावीळ. मग गळ्यात काड्यांची माळ, ती जसजशी लांबेल तसतसा रोग खाली सरकतो म्हणायचे.

मला यामागचं सगळं माहीत होतं. कॉलेजातल्या एका शिबिरात आम्हाला करून दाखवलं होतं. आंब्याची साल ठेचून पाण्यात भिजवायची, ते पाणी हाताला चोळायचं आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, कुणाचेही हात असोत, पाणी पिवळंच होणार. माळेचंही तसंच, ओल्या काड्यांचे तुकडे विशिष्ट गाठीनं दोऱ्यात अडकवलेले असतात, काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा लांब होतो. आणि पाण्यातून होणाऱ्या कावीळीचे, म्हणजे हेपटायटिस ए आणि ई चे, बहुतेक पेशंट काही आठवड्यांत आपले आपण बरे होतात, त्यामुळे उतरवणाऱ्याकडे गेलेल्या दहातले आठ-नऊ बरे होणारच असतात.

मी त्या रविवारी आत्याच्या मागं मागं गेले, घरूनच हाताला साल चोळून, आणि तिच्या पोराची पाळी आली तेव्हा पुढं जाऊन माझेच हात निवळीत घातले. पाणी पिवळं झालं. मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, की आता मला पण कावीळ आहे का, हा सगळा बनाव आहे, हा माणूस तुम्हाला फसवायलाय आणि तुम्ही अडाणी आहात म्हणून फसता. काही पोरं हसली. ते म्हातारे काही म्हणाले नाहीत, थाळी उचलून पाणी कडेला ओतलं फक्त. आत्यानं पदर पुढं ओढला, पोराचं मनगट धरलं आणि निघून गेली. मला वाटलं जिंकले. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर ती मधल्या वाटेनं पोराला परत तिथं घेऊन गेली आणि माळ बांधून आणली, हे मला चार दिवसांनी कळलं. पोरगा महिनाभरात बरा झाला. गावाच्या हिशेबानं माळ जिंकली.

आईनं मला बाकीची गोष्ट सांगितली ती पुढं कितीतरी वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर. धाकट्याच्या आधी आत्याला एक मुलगा होता. त्याचेही डोळे पिवळे झाले होते. आत्या सासूला म्हणत होती याला माळ बांधायला नेऊ द्या, पण कापूस वेचणी चालू होती, घरातलं माणूस मोकळं नव्हतं आणि सासू म्हणाली उष्णता हाय, ताक पाज. डॉक्टर तर कुणाच्या डोक्यातच नव्हता. नवव्या दिवशी ते लेकरू गेलं. म्हणजे त्या अंगणात आत्या जी माळ बांधायला आली होती ती धाकट्यासाठी होती, आणि मोठ्यासाठी पण होती. आणि मी तिला तीस-चाळीस माणसांपुढं सांगत होते की माळेत काही नसतं.

मी चूक बोलत होते का? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आणि उत्तर नाही असंच येतं, निदान पाण्याबद्दल नाही. पण त्या एका दमात मी तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलून गेले होते आणि तेव्हा मला त्या वेगळ्या दिसल्या नाहीत. पाणी पिवळं होतं ते सालीमुळं, हे मी दाखवू शकत होते, तिथल्या तिथं दाखवलंही. हा माणूस फसवा आहे, हे मला कुठून माहीत? तो पैसे घेत नव्हता, नारळ आणि पावशेर साखर घ्यायचा, त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, कदाचित त्यालाच मनापासून वाटत असेल की गुण मंत्राचा आहे आणि साल हा नुसता विधी. आणि तुम्ही अडाणी आहात, ही तर सरळ शिवी होती. लोकांनी यातलं काय ऐकलं? शिवी ऐकली. माणूस तेच ऐकतो जे त्याला लागतं, आणि ज्या वाक्यासाठी मी एवढं धाडस केलं होतं ते पाण्यासारखं वाहून गेलं.

याहून वाईट मला याचं वाटतं की असं बोलू नये हे मला तेव्हा ठाऊक होतं, आणि ऐकून ठाऊक नव्हतं तर आवडून पाठ होतं. आमच्या हॉस्टेलमध्ये माझी रूममेट नागसेनवनात शिकायची, मिलिंद कॉलेजला, तिचा पाली विषय होता. बाबासाहेबांनी 1950 साली ते कॉलेज काढलं आणि पुढं त्याला मिलिंद नाव दिलं ते एका ग्रीक राजाचं, मिनँडरचं, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला. राजा असून वाद घालायची त्याला भारी हौस, आणि त्याचा वाद झाला नागसेन नावाच्या भिक्खूशी. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि भोवतालच्या परिसराला उत्तर देणाऱ्याचं, हे मला तेव्हाही फार मोठं वाटलं होतं. तर वाद सुरू व्हायच्या आधी नागसेन राजाला म्हणतो, महाराज, तुम्ही पंडितांसारखं बोलणार असाल तर मी बोलेन, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो, पंडित बोलतात तेव्हा गुंता होतो, तो उलगडतो, कुणी कुणाची चूक दाखवतं, समोरचा ती कबूल करतो, आणि त्यात कुणाला राग येत नाही. राजे एक गोष्ट मांडतात आणि जो हो म्हणत नाही त्याला शिक्षा करा म्हणतात. मिलिंद म्हणतो ठीक आहे, मी पंडितासारखा बोलेन, आणि तुम्ही माझ्याशी मोकळेपणी बोला, एखाद्या श्रामणेराशी, म्हणजे शिकाऊ भिक्खूशी, किंवा मठातल्या सेवकाशी बोलावं तसं.

रूममेटनं रात्री लाइट गेल्यावर हे सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते आपल्या घरात सगळे राजेच आहेत. मला काका आठवत होते, कुठल्याही बोलण्याचा शेवट "शिकली म्हणून लई शानी झाली का" असा करणारे. ते राजाचंच बोलणं आहे, यात शंका नाही, त्यात शिक्षाही आहे, गप्प बसण्याची. पण त्या अंगणात राजा कोण होतं? शहरात शिकणारी, चप्पल घालून आलेली, इंग्रजी येणारी मीच. आत्या चौथी शिकलेली. माझ्या एका वाक्यानं तिला अख्ख्या पंचक्रोशीत मान खाली घालायला लावली, याला शिक्षा नाही तर काय म्हणायचं? जो वादात जास्त शिकलेला, जास्त कमावणारा, किंवा नुसता वयानं मोठा, त्याच्या हातात दंड असतोच, आणि तो आपल्या हातात आहे हे आपल्याला कळत नाही, ज्याला लागतो त्यालाच कळतं.

आणि हट्ट फक्त देवभोळ्यांकडं असतो असंही नाही. त्या शिबिरातच मी एकदा विचारलं होतं की घरच्या माणसांशी आधी एकट्यात बोलावं का, तर एक सीनियर म्हणाला तू अजून कच्ची आहेस. बाकीचे हसले. मी परत विचारलं नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं की त्या हसण्यातून सुटायलाच मी अंगणात एवढा आवाज चढवला असेन.

कच्ची म्हटलं की आमच्याकडं दुसरंच काही आठवतं. माझी आजी नामदेवाची गोष्ट सांगायची, त्याचं गाव नर्सी आमच्या जिल्ह्यातलं आणि औंढा तर आमच्या शिवारापासून लांब नाही. सगळी संतमंडळी तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमलेली, मुक्ताई म्हणते काका, हे लाकूड कसलं? काका म्हणतात थापटणं, यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. मग आमची पण मडकी बघा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, सगळे गप्प बसतात, नामदेव तेवढा चिडतो, आणि काका म्हणतात हे मडकं कच्चं. सगळे हसतात. नामदेव रडत पंढरपूरला जातो. आजी इथं थांबायची आणि म्हणायची, बघ, खरं होतं ते, पण रडवून आलं.

पुढं नामदेव औंढ्याला येतो, नागनाथाच्या देवळात, आणि तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणतो पाय काढा. विसोबा म्हणतात, बाबा, मी म्हातारा झालो, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव माझे पाय. नामदेव पाय उचलून जिथं ठेवतो तिथं पिंड. कथा पुढं जाते, मला ती इथपर्यंत पुरते. दोन्हीकडं सांगणं एकच आहे, तुझं अजून पिकलेलं नाही. तेरला ते डोक्यावर मारून सांगितलं, सगळ्यांसमोर. औंढ्याला विसोबांनी काही सांगितलंच नाही, एक काम सांगितलं, आणि देवळात ते दोघंच होते. चमत्कार मी मानत नाही, तरी ही गोष्ट मला खरी वाटते, आणि आजी नेमकी कुठं थांबायची ते समजायला मला वीस वर्षं लागली.

अंगणातल्या प्रसंगानंतर मी काय केलं, तर दुसऱ्या टोकाला गेले. कुणी काही म्हणो, माझं उत्तर ठरलेलं, ज्याची त्याची श्रद्धा. चुलत बहिणीनं मूल होत नाही म्हणून कुठल्या बाबाकडं चाळीस हजार दिले, मी म्हणाले ज्याची त्याची श्रद्धा. लोक म्हणायला लागले ही आता समंजस झाली. मला हे वाक्य आता शिवीसारखं वाटतं. त्यात आदर आहे असं दिसतं, पण त्याचा अर्थ एवढाच की तुझ्याशी बोलून उपयोग नाही, तुझ्या डोक्यात शिरणार नाही, तू तुझ्या जागी बस. अंगणात मी आत्याला अडाणी म्हणाले होते ते तोंडानं, आता सगळ्यांनाच म्हणत होते, पण गोड बोलून. ज्याच्याशी आपण खरंच भांडू शकतो, आपलं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगू शकतो, त्यालाच आपण बरोबरीचं मानतो ना?

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि त्या दिवशी मला वर्गात उभं राहवेना. त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा धरलाय, आणि तो असायलाच पाहिजे, कारण तिथं चर्चेला वेळ नसतो, माणूस मरतो. पण माझ्या आत्याला कायद्यानं काय सांगणार? तिच्याशी कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. ते काम माझं होतं आणि मी पंधरा वर्षं ज्याची त्याची श्रद्धा म्हणत बसले होते.

शेवटी बोलली तीच. एप्रिल महिना, वाड्यात कुरडया घालायचं काम चालू होतं, चिकाचा मोठा टोप उतरवून बायका चहाला गेल्या होत्या आणि आत्या नि मी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर चिमण्या येऊ नयेत म्हणून बसलो होतो. ती चंचीतून पान काढून चुना लावत होती. चुन्याकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी तू हाताला काय लावलं होतंस गं?"

सोळा वर्षं झाली होती. कोणत्या दिवशी हे मला विचारावं लागलं नाही.

मी म्हणाले, आंब्याची साल. ती म्हणाली दाखव. परसातल्या झाडाची साल मी काढली, पाट्यावर ठेचली, वाटीत भिजवली. मी माझ्या हाताला चोळायला लागले तर म्हणाली, "तुव्हे नको, माहे धू." तिच्या हाताला मी ते पाणी चोळलं, कुरडया करून सुरकुतलेले हात, वाळेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. मग तिनंच चंचीतला चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला, वरची निवळी थाळीत घेतली आणि हात धुतले. पिवळं पाणी तिच्या बोटांवरून गळत होतं आणि ती कितीतरी वेळ बघत राहिली. मला बोलायची प्रचंड घाई झाली होती. मी गप्प बसले, त्या दिवसातलं माझं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

"मग माहा धाकला कसा बरा झाला?"

हा प्रश्न अंगणातल्या तीस-चाळीस माणसांपैकी प्रत्येकाच्या मनात असणार, आणि मी तिथं कुणाला विचारूच दिला नव्हता. मी म्हणाले, "आत्या, तुझं म्हणणं मला आधी नीट कळलं का ते बघते. तू म्हणतेस पाणी कशानंही पिवळं होऊ दे, पण माळ बांधली आणि लेकरू उठलं, हे तू डोळ्यानं बघितलंय. बरोबर?" ती म्हणाली व्हय, आणि नुसतं लेकरू नाही, गावातले पन्नास जण बघितलेत. जुन्या शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणायचे, समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या मनासारखं मांडायचं आणि मगच आपलं. मी ते ठरवून केलं नाही, पण तिनं व्हय म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला ते मला दिसलं. मग मी तिला सांगितलं की ही कावीळ बहुतेकदा आपली आपण जाते, माळ असो नसो, आणि म्हणून पन्नास जण बरे झालेले दिसतात, जे गेले त्यांच्याबद्दल कुणी माळेला विचारत नाही. हे शेवटचं वाक्य मी बोलले आणि मला मोठा आठवला. तिलाही आठवला असणार. ती काही म्हणाली नाही. मीही तिकडं गेले नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "आपली आपण जाती, हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. पुस्तकात आहे."

"मला महाराजानं सांगितलं. तू बी ऐकूनच म्हणायलीस, मी बी ऐकूनच."

मला पटकन उत्तर आलं नाही आणि मी तिला तसं सांगितलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, ऐकून तर मीही मानते, पण डॉक्टरला मी विचारू शकते की कशावरून, आणि त्याला सांगावं लागतं, आणि तो चुकला तर दुसरा डॉक्टर येऊन म्हणतो हा चुकला. महाराजाला विचारता येतं का? आत्या म्हणाली, त्यांना कोणी विचारलंच नाही कधी, तू गेलीस तर विचारायला नाही गेलीस, बोलायला गेलीस. याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. ते म्हातारे तोवर वारले होते.

त्यानंतर आम्ही भांडायला लागलो. नवसावरून, उपासावरून, शनिवारी केस कापावे का यावरून, फोनवर तासतास. माझे वडील माळकरी, तरी तरुणपणी नरहर कुरुंदकरांचं व्याख्यान ऐकायला सायकलवर जायचे, कुरुंदकर म्हणजे आमच्याच भागातल्या कुरुंद्याचे, उघड नास्तिक. वडील म्हणायचे पटलं नाही तरी ऐकून आल्यावर झोप चांगली लागायची. आत्यासोबत फोनवर भांडून मला तशी झोप लागायची.

मग एक दिवस रात्री दहाला तिचा फोन आला. धाकट्याची बायको आठव्या महिन्यात होती. "डोळे पिवळे दिसायलेत तिचे," आत्या म्हणाली, "गाडी सांगितली मी. परभणी का नांदेड, तेवढं सांग. माळ बी बांधलीय, त्याच्यावर मग भांडू." मी नांदेड म्हणाले आणि माझे हात कापत होते, कारण शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झालेल्या बायांमध्ये शंभरात वीस-पंचवीसपर्यंत दगावतात हे मला माहीत होतं आणि ते तेव्हा फोनवर सांगायचं नव्हतं. मी पहाटेच्या गाडीनं निघाले.

रिपोर्टमध्ये ई च निघाला. बारा दिवस ती दवाखान्यात होती, मुलगी लवकर झाली, काचेच्या पेटीत ठेवली, दोघी वाचल्या. पहिल्या रात्रीच नर्सबाई माळ कापायला आली होती तर आत्या म्हणाली थांबा, आणि स्वतःच्या हातानं ती सुनेच्या गळ्यातून काढून कॉटच्या लोखंडी दांडीला बांधली. मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी दुपारी सून झोपली होती, आत्यानं मला खुणेनं बोलावलं. माळ दांडीवरून लोंबत खाली आली होती. तिनं वीत लावून दाखवली, पहिल्या रात्रीपेक्षा वीतभर जास्त.

"सुकल्यात काड्या," ती म्हणाली.

मी म्हणाले, "हं."

"मंत्राचं काय मग?"

"मला नाही माहीत आत्या. तुला काय वाटतं ते सांग."

बाहेर व्हरांड्यात सिमेंटचा बाक होता. ती जाऊन बसली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. मग म्हणाली, "थोरला माहा गेला ना, तवा वेचणीचे दिवस होते," आणि पहिल्यापासून सांगायला लागली.